पहिली नायिका कोण? कमलाबाई गोखले, त्यांच्या आई दुर्गाबाई कामत आणि आपली मिरज

हळदीची_पेठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबणार आहे, पण डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेच.

मी सांगलीत शाळेत शिकवते, सातवीचा वर्ग आहे माझ्याकडं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, आपल्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून. शाळेत छोटी प्रश्नमंजुषा घेतली. भावे, देवल, खाडिलकर सगळं पोरांना पाठ, देवलांच्या हरिपूरचं नाव काढलं तर अर्धा वर्ग ओरडला. मग मी विचारलं, आपल्या सिनेमात काम करणारी पहिली बाई कोण? पोरं गप्प. ते ठीक आहे, पोरंच ती. पण नंतर स्टाफरूममध्ये विचारलं तर एकीनं देविका राणी सांगितलं, दुसरीनं दुर्गा खोटे. दोघी मोठ्याच, पण त्या आल्या तोवर सिनेमात बायका येऊन दीड-दोन दशकं झाली होती.

उत्तर आहे दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला, पुढच्या कमलाबाई गोखले. सिनेमा 'मोहिनी भस्मासुर', दादासाहेब फाळक्यांचा, १९१३ सालचा. आई पार्वती झाली नि लेक मोहिनी. कमलाबाईंचे चिरंजीव म्हणजे आपले नट चंद्रकांत गोखले, त्यांचा जन्म १९२१ सालचा, मिरजेचा! विक्रम गोखले त्यांचे चिरंजीव. म्हणजे ज्या घराण्याला आपण टीव्हीवर, नाटकात बघत मोठे झालो त्याची सुरुवात ज्या बाईपासून झाली, तिचं नाव सांगली-मिरजेतल्या मास्तरीणबाईंना येत नाही. मलाही दहा वर्षांपूर्वी येत नव्हतं, तेव्हा कुणाला नावं ठेवत नाही, पण मनाला लागलं खरं.

आता जरा मागचं सांगते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला, त्यात तारामती कोण तर अण्णा साळुंके नावाचा पोरगा, हॉटेलात काम करणारा. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून काय काय केलं, जाहिराती दिल्या, नाचगाण्याच्या वस्तीत जाऊन विचारलं, कुणी तयार होईना. जिथं पोटासाठी चारचौघांत नाचणं-गाणं आधीपासूनच होतं तिथल्या बायकासुद्धा सिनेमा म्हटलं की नको म्हणाल्या, यावरनं कल्पना करा त्या वेळी कॅमेऱ्यापुढं उभं राहणं म्हणजे काय वाटत असेल. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासनं ती धुण्यापर्यंत सगळं करत होत्या आणि वर साऱ्या मंडळींचं जेवणखाण, त्यामुळं त्यांनीही तारामती व्हायला नाही म्हटलं.

आणि त्याच वर्षी पुढच्याच सिनेमाला दोन बायका मिळाल्या. कशा मिळाल्या? तर त्या आधीच नाटकात होत्या. दुर्गाबाईंचा नवरा आनंद नानोसकर, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवणारा. १९०३ च्या सुमारास दोघं वेगळे झाले, पोरगी दोन-तीन वर्षांची. तेव्हाच्या काळात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला कुणी नोकरी देणार होतं का? माहेरच्या ओसरीवर पडेल ते काम करत दिवस काढायचे, नाहीतर काय. दुर्गाबाई फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या. समाजानं वाळीत टाकल्यासारखंच केलं. पोरगी कंपनीबरोबर गावोगाव, शाळा नाही, आई शिकवील तेवढं शिक्षण, आणि चार-पाच वर्षांची असल्यापासनं स्टेजवर.

मला जे सांगायचंय ते हे. आपण 'पहिली' म्हणतो तेव्हा फेटा बांधून सत्कार केल्यासारखं म्हणतो, धाडसी होत्या, क्रांती केली वगैरे. होत्याच धाडसी. पण त्या कामाला गेल्या होत्या हो! एका आईला पोरगी जगवायची होती आणि तिला जे काम येत होतं ते तिनं केलं. हे मी वर्गात सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, मोहिनी किती वर्षांची होती?" मी म्हटलं तेराएक वर्षांची. आणि म्हणतानाच समोर बघितलं तर सगळ्या बारा-तेराच्याच बसलेल्या, दोन वेण्या, दप्तरं. मला पुढं बोलायलाच सुचेना.

कुणाला अजून माहिती असेल तर लिहा, विशेषतः मिरजकरांनी.

---

नेमकं_बोला

चांगला धागा ताई. एक शंका, नेहमी वाद होतो म्हणून विचारतो. पहिली नायिका म्हणायचं कुणाला, आईला का लेकीला? पार्वती की मोहिनी? काही ठिकाणी दुर्गाबाई पहिल्या असं छापतात, काही ठिकाणी कमलाबाई.

---

हळदीची_पेठ

माझ्या मते भांडण काढण्यासारखं नाहीच त्यात. सिनेमा एकच आहे. कथेत भस्मासुराला भुलवणारी, नाचवणारी, त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावणारी मोहिनी, म्हणजे नायिका कमलाबाई. आणि कॅमेऱ्यासमोर आलेली पहिली मोठी, कर्ती बाई दुर्गाबाई. आईनं वाट काढली नसती तर लेक तिथं पोचलीच नसती, म्हणून मी दोघींची नावं एका दमात घेते.

---

लाल_दिवा

आमचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता, वडलांच्या काळापासनं, तेव्हा मी जरा तांत्रिक बाजू लिहितो, कारण त्याशिवाय त्या पोरीनं काय काम केलं ते समजणार नाही.

त्या वेळची फिल्म लाल रंगाला आंधळी असायची. म्हणून तर आम्ही डार्करूममध्ये लाल दिवा लावून तसल्या प्लेटा धुवायचो, लाल उजेडानं त्यांना काही होत नाही. पण त्याचा अर्थ असा की चेहऱ्यावरचं जे जे लाल ते पडद्यावर काळं येणार. कुंकू काळं, ओठ काळे, गालावरची लाली गेली काळपट पडून. आणि निळं आभाळ पांढरंफट्ट. म्हणजे स्टेजवर जो रंग लावून शोभतो तो तसाच्या तसा इथं चालत नाही. त्यात लाईट नव्हते, सगळं उन्हात. सेट उघड्यावर उभा करायचा नि सूर्य आहे तोवर काम. कॅमेरा हातानं फिरवायचा, सेकंदाला सोळाएक चित्रं या हिशेबानं, फिरवणाऱ्याचा हात हलला की पडद्यावर नाच पळायला लागणार किंवा रेंगाळणार.

अजून एक हिशेब सांगतो, मला आवडतो म्हणून. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं बसतात. म्हणजे सोळाच्या वेगानं एक फूट बरोबर एक सेकंद. 'मोहिनी भस्मासुर' साधारण सव्वातीन हजार फुटांचा होता, म्हणजे चोपन्न-पंचावन्न मिनिटांचा सिनेमा झाला. त्यात त्या पोरीला एकही शब्द ऐकू जाणार नाही हे माहीत असताना सगळं डोळ्यांनी, मानेनं, हातांनी सांगायचंय. नाटकात गाणारी पोर, तिचा गळाच काढून घेतला इथं.

---

हळदीची_पेठ

लाल_दिवा काका, कुंकू काळं येतं हे मला माहीतच नव्हतं! उद्याच वर्गात सांगते.

---

रेठऱ्याचा_पाव्हणा

ताई राग मानू नका पण एक बोलू का. सिनेमातली पहिली म्हणा, ते बरोबरच आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण असं वाटायला नको की बाई लोकांपुढं उभी राहिली ती १९१३ साली पहिल्यांदा. आमच्या वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. कुलकर्ण्यांचं पोरगं, ब्राह्मण, घरदार सोडून तमाशात गेलं, आणि त्यांच्या फडात पवळा होती, महार समाजातली, संगमनेरकडच्या हिवरगावची. पवळेला बघायला लोक कुठनं कुठनं यायचे. बापूरावांचं नाव आमच्याकडं लहान पोरालाबी माहिती आहे, पवळेचं नाव मात्र त्यांच्या गोष्टीतली बाई म्हणून घेत्यात. तिनं काय कमी काम केलं का? नाटकवाल्यांच्या घरात बाई स्टेजवर आली की इतिहास, आणि तमाशातली आली की ती नाचणारी, हे मला पटत नाही. लहानपणापासनं फड बघत आलोय म्हणून कळवळून बोलतोय, तुमच्यावर टीका नाही.

---

हळदीची_पेठ

राग कसला, उलट तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे आणि माझ्याकडनं राहून गेलं होतं. भाव्यांपासनं धरलं तर १८४३ ते १९१३ सत्तर वर्षं होतात, आणि आपण सांगलीकर अभिमानानं सांगतो ती सगळी रंगभूमी बहुतेक पुरुषांनीच लुगडी नेसून चालवली. त्याच काळात तमाशाच्या फडावर बायका उभ्या होत्या, काम करत होत्या, आणि प्रतिष्ठित लोक रात्री बघायला जायचे नि दिवसा नाव टाकायचे. पवळेचं नाव आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं ठरवलं. फक्त तिचं, "बापूरावांची" असं न लावता.

---

रंकाळ्याचा_वारा

कोल्हापूरकर आहे, पण माहेर सांगलीचं, म्हणून घुसते.

आमच्याकडं बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिलाच. त्यात दोन बायका होत्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. यावर मी खूप विचार केलाय. बाई तर हवी पण तिचं मूळचं नाव नको, नावामागं देवी लावलं की जरा सोवळं होतं असं काहीतरी. पुढं तर कितीतरी जणींचं हेच झालं, रूबी मायर्सची सुलोचना झाली, मूकपटातली केवढी मोठी स्टार ती.

आणि दुसरं असं की 'मोहिनी भस्मासुर' झाला म्हणजे दार उघडलं असंही नाही. १९१७ चा फाळक्यांचा 'लंकादहन' बघा, त्यात राम पण अण्णा साळुंके आणि सीता पण अण्णा साळुंकेच! म्हणजे कमलाबाई येऊन गेल्यावर चार वर्षांनी परत सीता पुरुषच. दोघी मायलेकी नाटक कंपनीबरोबर पुढच्या गावाला निघून गेल्या आणि फाळक्यांच्या सीतेलाही बाई नाही. म्हणजे ते दार एकेका बाईला आपापलं ढकलायला लागलं.

---

मिरजेचा_तबला

हळदीची_पेठ, मिरजकरांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. वय झालंय, टायपिंग सावकाश आहे, चुका असतील.

मिरजेत नाटकवाल्यांचं घर असणं यात आम्हाला नवल नव्हतं. मोठं जंक्शन, रेल्वेनं कंपन्यांचं सामान उतरायचं, वाद्यं बिघडली तर सतारमेकरांच्या गल्लीत नेऊन दुरुस्त, राजे पटवर्धन कलेचे भोक्ते, किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिलेले, दर्ग्यात उरसाला गाणं. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले तेव्हा त्यांची पहिली शकुंतला मिरजेच्याच थिएटरात उभी राहिली. गावाला सवयच होती.

कमलाबाईंचे यजमान रघुनाथराव गोखले, तेसुद्धा किर्लोस्कर मंडळीत स्त्री भूमिका करायचे. मला ही गोष्ट लहानपणी पहिल्यांदा कळली तेव्हा किती वेळ त्यावरच विचार करत बसलो होतो. स्टेजवर बाई होणारा पुरुष, आणि जिच्यामुळं हळूहळू पुरुषांचं बाई होणं बंद व्हायला लागलं ती बाई, या दोघांचा संसार. मला वाटतं तिचं काम काय आहे हे त्यांना दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यापेक्षा जास्त कळत असणार, लुगडं नेसून दोन-तीन तास उभं राहायचं म्हणजे काय हे स्वतः केलेला माणूस.

पण संसार लांबला नाही. रघुनाथराव लवकर गेले. कमलाबाई पंचविशीच्या आसपास, पदरात लहान पोरं. आता हे वाचताना दुर्गाबाई आठवा. आईच्या वाट्याला जे आलं तेच पुन्हा लेकीच्या वाट्याला, कारण वेगळं एवढंच. आणि लेकीनं तेच केलं जे आईनं केलं होतं, काम सोडलं नाही. तीन मुलगे वाढवले. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात गेले. लालजी गोखले थिरकवाँ खाँसाहेबांचे शागीर्द, आम्हा तबलेवाल्यांत ते नाव आदरानं घेतात. चंद्रकांतरावांना तर शाळा मिळालीच नाही, लहानपणीच कंपनीत काम, घरी जेवढं शिकता आलं तेवढं. आणि असा माणूस पुढं म्हातारपणी स्वतःच्या कमाईतनं अपंग सैनिकांसाठी पैसे देत राहिला. ते आईकडनंच आलं असं मी धरून चालतो. विधवेनं त्या काळात केस ठेवून, रंग लावून लोकांपुढं उभं राहायचं आणि रात्री पोरांच्या तोंडात घास घालायचा, हे बघत वाढलेलं पोर पैशाला वेगळं ओळखतं.

बाकी लोक म्हणतात मूकपट गेला, बोलपट आला नि जुन्या नट्या संपल्या. कितीजणी संपल्या खऱ्या, ज्यांना हिंदी बोलता येईना, गाता येईना त्या बाहेर पडल्या. पण कमलाबाई मुळात नाटकातल्या. त्यांना आवाज आला म्हणजे घरच परत मिळालं. तीसपस्तीस सिनेमांत त्यांची नावं येतात, नाटकं वेगळीच, ८० सालच्या 'गहराई'पर्यंत. म्हणजे १९१३ ते १९८०!

---

हळदीची_पेठ

काका, रघुनाथरावांबद्दल तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. डोळ्यात पाणी आलं, खरंच.

---

माहुलीकर

साताऱ्याहून. मी मूकपट बघितलेला नाही अर्थातच, पण तंबूतला सिनेमा भरपूर बघितलाय, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. पडदा मध्ये, दोन्ही बाजूंनी लोक, उलट्या बाजूला बसलेल्यांना हिरो डावखुरा दिसायचा. आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी सिनेमा मुका होता तेव्हा पडद्यापाशी पेटी-तबलावाला बसायचा, आणि पडद्यावर अक्षरं आली की कुणीतरी शिकलेला माणूस ती मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण तंबूत वाचता येणारे किती असणार. चांगला वाचणारा असला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. म्हणजे मूकपट मुका नव्हताच, गावोगाव त्याचा आवाज वेगळा होता.

एक प्रश्न, 'मोहिनी भस्मासुर' आता बघायला मिळतो का कुठं? यूट्यूबवर शोधलं, जुना म्हणून जे टाकलंय ते दुसरंच काहीतरी निघालं.

---

लाल_दिवा

नाही मिळत. आपल्याकडं मूकपट झाले तेराशेच्या आसपास, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यात मिळून तीसेकच उरलेत. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चं जे काही वाचलं ते पी. के. नायर साहेबांनी नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन मिळवलं, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी. ती नायट्रेटची फिल्म, आगीला नुसतं निमित्त लागतं, आणि नाही पेटली तरी डब्यातल्या डब्यात चिकट होऊन भुकटी होते. वर त्यात चांदी असते, म्हणून जुनी रिळं चांदी काढायला भंगारात विकली जायची. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या रिळांना आग लागून केवढं तरी गेलं. आमच्या स्टुडिओतल्या काचेच्या प्लेटा आम्हीच घासून खिडक्यांना बसवल्या होत्या हो, कितीतरी घरांचे लग्नाचे फोटो त्यात गेले, अजून जीव हळहळतो.

म्हणजे ज्या पोरीबद्दल आपण एवढं बोलतोय तिचा तो नाच आपल्यातल्या कुणीच बघितलेला नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

पण कमलाबाईंना मात्र बघता येतं. रीना मोहन यांनी नव्वदच्या सुमारास त्यांच्यावर माहितीपट केलाय, 'कमलाबाई' नावाचाच. पुण्यातल्या घरात, नव्वदीला टेकलेल्या, डोळ्यांना कमी दिसतंय पण बोलणं खणखणीत. मी एका महोत्सवात बघितला होता. नाटकातलं म्हणून दाखवायला लागल्या की हात आपोआप वर जातो, मान फिरते. मला तेव्हा वाटलं होतं की तो गेलेला सिनेमा सगळाच्या सगळा नाही गेला, थोडा त्या हातात उरलाय.

---

माहुलीकर

हे वाचून शहारा आला ताई.

---

हळदीची_पेठ

मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातनं एक डोक्यात आलंय, सांगा जमेल का. स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींकडनं मोहिनी भस्मासुर करायचं. पण मुकं. स्टेजवर एकही शब्द नाही, बाजूला एक मुलगी पाट्या वाचणार, माहुलीकरांच्या आजोबांनी सांगितलं तसं, आणि पेटी-तबला समोर खाली बसून. मेकअपला लाल अजिबात नाही, कुंकू काळं, ओठ काळे, चेहरे पांढरे. सुरुवातीला दोघी येऊन नुसती नावं सांगतील, "मी दुर्गाबाई कामत, पार्वती", "मी कमला, मोहिनी". त्यानंतर आवाज बंद.

आज वर्गात विचारलं मोहिनी कोण होणार, तर ज्या मुलीनं वय विचारलं होतं तिनंच हात वर केला. घरी विचारून ये म्हटलं. संध्याकाळी तिची आई फाटकापाशी आली, मला वाटलं नाही म्हणायला आलीय. तर ती म्हणाली, "बाई, पार्वतीला कुणी मिळालं नसलं तर मी उभी राहू का, आईच लागतीय ना तिथं?"

---

मिरजेचा_तबला

राहू दे की उभी. तारीख कळवा, तबला घेऊन मी येतो. पेटीला माझा नातू आहे, तालमीला शनिवारी दुपारी जमेल, मिरजेहून पॅसेंजरनं येऊ.

---

रेठऱ्याचा_पाव्हणा

भस्मासुर मिळाला का? आमच्या गावात सोंगं काढणारा एक मास्तर आहे, मिशा खऱ्या आहेत. विचारून ठेवतो.

---

हळदीची_पेठ

विचारा की. पण पडताना लागायला नको त्यांना, शाळेच्या स्टेजच्या फळ्या जुन्या आहेत, खाली गादी टाकते.